पद्मिनी, मारुती ८०० की बग्गी? ठाणे-नवी मुंबईच्या हौशी मंडळींसाठी

जुनी छोटी गाडी घ्यायची म्हटलं की लोक आधी रंग ठरवतात. मी आधी विचारतो, पार्किंगवर छप्पर आहे का? ठाण्यात चार महिने पाऊस झोडपतो, वाशी-नेरूळला वर खाडीची खारी हवा. उघड्यावर ठेवणार असाल तर पद्मिनीचा नाद सोडा.

छप्पर असेल तर मात्र प्रीमियर पद्मिनीसारखी मजा नाही. फियाट ११०० चा हा कुर्ल्यात घडलेला अवतार: १०८९ सीसी, जेमतेम ४० अश्वशक्ती, ताकद मागच्या चाकांना, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. बघायला जाताना खिशात चुंबक ठेवा. दरवाजाखालच्या पत्र्यावर तो चिकटला नाही तर गंजलेली जागा पुट्टीने भरलीय. मॅट उचलून फ्लोअर स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. मालकाचा चेहरा पडला तर उत्तर मिळालंच. चारही ब्रेक ड्रमचे, त्यामुळे पाण्यातून गेल्यावर ते हलके दाबत सुकवावे लागतात. आणि मे महिन्यात घोडबंदर रोडच्या कोंडीत पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणार, हे धरूनच चाला. उपाय टॅक्सीवाल्यांचाच, पंपावर ओलं फडकं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण तिच्यावर हात बसलेले मिस्त्री शोधले तर सापडतात.

मारुती ८०० मध्ये ही गंमत नाही, हा तापही नाही. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ इतकी वर्षं ती बनत होती. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन ओम्नीतही होतं, म्हणून सुटे भाग कोपऱ्यावर मिळतात. ताकद पद्मिनीएवढीच, पण अंगाने बरीच हलकी. फक्त १९८६ च्या आधीची पहिली चौकोनी ८०० घेणार असाल तर काचा, दिवे आणि पुढची जाळी शाबूत आहेत ना बघा, ते कोपऱ्यावर मिळत नाहीत. इंजिनाचं नंतर होईल. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याला मी हीच सुचवतो. पद्मिनी थांबली की लोक फोटो काढतात. ८०० थांबली की शेजारी विचारतात, नवीन कधी घेताय? तेवढं सोसायचं.

दोन्हींत पेट्रोलचे जुने रबरी पाइप आधी बदला, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलपुढे ते टिकत नाहीत.

आता बग्गी. वरातीतली नव्हे, वाळूवरची. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्सने फायबरग्लासचं टप, म्हणजे बॉडी, बनवून त्याला फोक्सवॅगन बीटलचं इंजिन बसवलं. नंतरच्या बग्ग्यांत बीटलचा तळच कापून आखूड केला आणि त्यावर टप चढवलं. मागच्या इंजिनाचं वजन थेट फिरणाऱ्या चाकांवर, रेडिएटर नाही, अंग हलकं. म्हणून ती वाळूत रुतत नाही. पण इथे वाळू कुठाय? खाडीला चिखल आणि खारफुटी, आणि अलिबागकडच्या किनाऱ्यावर गाडी घालणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. बग्गी बनवायला वेल्डिंगची अडचण नाही, रबाळे-तुर्भ्याला ते होऊन जाईल. अडचण कागदाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा मूळ साचा मनाने बदलता येत नाही. दंड प्रत्येक बदलाला ५,००० रुपये, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मुरबाड-कर्जतला स्वतःची जमीन असेल तर टेम्पोत घालून न्या आणि तिथे खुशाल फिरवा. धडधाकट बीटल कापणाऱ्याशी मात्र मी बोलत नाही.

पद्मिनी-८०० वाल्यांनीही रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतंच. ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, शुल्क २०,००० रुपये, पण मग तिने रोज ऑफिसला जाता येत नाही. सुरुवातीच्या पद्मिनी त्या वयाच्या झाल्या. पहिल्या ८०० ला २०३३ उजाडेल.

आणि सौद्याला सकाळी जा. मालकाला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत चावी फिरवू नका. तापलेलं इंजिन बरंच काही झाकतं.