चप्पल लाईनमधला एक जोड आणि त्याचं बिल

आप्पांना दर दोन-अडीच वर्षांनी नवी चप्पल लागते. वय ८४, पण पहाटेची रंकाळ्याची फेरी चुकत नाही आणि पायात कोल्हापुरीशिवाय दुसरं काही चालत नाही. गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी सरल्यावर, त्यांना घेऊन मी कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या दोन भावांच्या दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्या दोघांना विचारलेलं नाही, आणि पुढे त्यांच्या कराबद्दलही लिहायचं आहे. जोड वापरून तीन महिने झाले, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

आधी चप्पल. कापशी घाटाची, म्हणजे कापशी घडणीची, बिनगोंड्याची. कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं. नाकाशी धरलं की तो तुरट वास येतो. खिळा कुठेही नाही, शिवण सगळी कातडी वादीची. तळाच्या कडेवरून बोट फिरवलं तर टाके मोजता येतात. पहिले चार दिवस आप्पांनी ती घरातच घातली, रात्री एरंडेलाचं बोट फिरवून ठेवली. डाव्या पायाचा अंगठा आवळत होता, म्हणून सहाव्या दिवशी परत नेली. धाकट्या भावाने तिथल्या तिथे अंगठा ओला करून, लाकडी साच्यावर चढवून सैल करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर तक्रार नाही. आप्पा डावा पाय जरा ओढून चालतात, तरी टाच अजून एका अंगाला झिजलेली नाही.

दुकानाला दोन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी एक कठडा बसवायला हवा. बसायला एकच बाकडं, त्यावर खोक्यांची चळत. हे दोन दोष सोडले तर वागणूक उत्तम. आप्पांचा पाय मांडीवर घेऊन माप घेतलं, घाई केली नाही.

आता बिल. मी गेली २६ वर्षं लक्ष्मीपुरीत लहान दुकानांचे हिशेब लिहिते, त्यामुळे बिल हातात आलं की नजर आधी तिकडे जाते. या दुकानात बिल मागावं लागलं नाही. त्याच्या आधी आम्ही दुसऱ्या एका दुकानात डोकावलो होतो, तिथे "बिल नको असेल तर दीडशे कमी करतो" असं ऐकायला मिळालं होतं. इथे धाकटा भाऊ म्हणाला, "पावती राहू दे की ताई. उद्या टाका उसवला तर दाखवणार काय?"

बिलावर चपलेची किंमत १९०० रुपये, केंद्राचा जीएसटी अडीच टक्के म्हणजे ४७ रुपये ५० पैसे, राज्याचा तेवढाच, एकूण १९९५. घरी येऊन मी २०२३चं त्याच दुकानाचं बिल फाइलीतून काढलं. तेव्हा किंमत १८५० आणि कर १८ टक्के, म्हणजे ३३३ रुपये; एकूण २१८३. २२ सप्टेंबर २०२५पासून २५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के कर झाला. म्हणजे करातली सगळी घट या भावांनी गिऱ्हाइकाला दिली आणि दोन वर्षांत स्वतःचा भाव फक्त ५० रुपयांनी वाढवला. मी दोन्ही बिलं शेजारी ठेवून हे बघितलं आणि मला बरं वाटलं.

बिलावर मालाचा क्रमांक ६४०३ घातलेला होता. जगभरच्या कस्टमवाल्यांच्या यादीत त्याच्या पोटात ६४०३ २० असा एक प्रकार येतो: तळ कातड्याचा, आणि वर पावलावरून व अंगठ्याभोवती जाणारे कातडी पट्टे. कोल्हापुरी चपलेचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसालाच दिसते. जीएसटी नंबरात पॅन नंबर दडलेला असतो आणि नंबरातलं सहावं अक्षर सांगतं की समोर कोण आहे. पी म्हणजे एकटा माणूस, सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे भागीदारी. इथे एफ होता. दोघा भावांची भागीदारी. भागीदारांचा पगार वजा जाता जो नफा उरेल त्यावर सरळ ३० टक्के आयकर, वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. सप्टेंबर २०१९पासून देशी कंपनीला सवलती सोडल्या तर २२ टक्के दर मिळतो, अधिभार-उपकर धरून २५.१७. चप्पल लाईनमधले दोन भाऊ मोठ्या कंपनीपेक्षा सहा टक्के जास्त दराने कर भरतात. माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांना हे सांगितलं की ते आधी माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतात.

आम्ही बसलो होतो तेव्हा काउंटरवर प्राडाचा विषय निघाला होता. जून २०२५मध्ये त्या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्यासारख्याच चपला दाखवल्या, कोल्हापूरचा उल्लेख न करता. गदारोळ झाला, कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं, माणसं कोल्हापुरात येऊन गेली. डिसेंबरात आपल्या राज्याचं चर्मोद्योग महामंडळ लिडकॉम आणि कर्नाटकचं तसंच लिडकर यांच्याशी त्यांचा करार झाला: दोन हजार जोड, एकाची किंमत सुमारे ८०० युरो. पण आम्ही गेलो तेव्हा करार व्हायचा होता. एक गिऱ्हाईक तावातावाने म्हणालं, "आमचं नाव चोरलं त्यांनी." थोरला भाऊ शांतपणे म्हणाला, "नाव कुठं घेतलं, ओ? नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. घाट घेतला, नाव टाकून दिलं."

हे वाक्य मी घरी घेऊन आले. कारण नावाचा आणि कराचा फार जवळचा संबंध आहे.

२०१२ साली ब्रिटनमध्ये स्टारबक्सवरून मोठा वाद झाला. १९९८पासून त्या देशात ३०० कोटी पौंडांहून अधिक विक्री, आणि कंपनी म्हणून भरलेला आयकर ८६ लाख पौंड. दुकानं भरलेली, गुंतवणूकदारांना सांगताना धंदा फायद्यात, आणि कर खात्याला दाखवलेल्या हिशेबात बहुतेक वर्षं तोटा. हे कसं जमतं? ब्रिटनची कंपनी विक्रीच्या ६ टक्के रक्कम नावाचं आणि पद्धतीचं भाडं म्हणून नेदरलँड्समधल्या आपल्याच बहीण कंपनीला देत होती. कॉफीच्या बिया स्वित्झर्लंडमधल्या दुसऱ्या बहिणीकडून २० टक्के चढवून घेतल्या जात होत्या. वर घरच्याच कंपनीच्या कर्जाचं व्याज. कप विकला लंडनला, पिणारा लंडनचा, झाडू मारणारा लंडनचा. नफा मात्र लंडनला थांबलाच नाही. त्या नोव्हेंबरात मार्गारेट हॉज यांच्या संसदीय समितीने स्टारबक्स, गुगल आणि ॲमेझॉन तिघांनाही बोलावून जाब विचारला. लोकांनी निदर्शनं जाहीर केली. शेवटी स्टारबक्सने दोन वर्षांत २ कोटी पौंड आपणहून भरायचं कबूल केलं. युरोपीय आयोगाने २०१५मध्ये नेदरलँड्सने दिलेली सवलत बेकायदा ठरवली, पण २०१९मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे कायदा मोडला असं अखेर ठरलं नाही, हेही लिहिलं पाहिजे.

कर चुकवणं आणि कर टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिलाशिवाय दीडशे कमी करणारा दुकानदार कर चुकवतो. ती चोरी आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. नावाचं भाडं बहिणीला पाठवणारी कंपनी कर टाळते. ते कायद्यात बसवलेलं असतं. पण रस्ता, दवाखाना, शाळा यांना दोन्हीकडून पैसा कमीच पोचतो.

हेच या दोन भावांनी करून बघितलं तर? समजा वहिनींच्या नावाने एक फर्म काढली, दुकानाचं नाव तिच्या मालकीचं केलं आणि दर महिन्याला तिला भाडं द्यायला लागले. आयकर अधिकारी पहिल्या तपासणीत ते बघेल. नातेवाइकाला बाजारभावापेक्षा जास्त दिलेला खर्च नामंजूर करायचा अधिकार कायद्याने त्याला दिलेला आहे, आणि माझ्या पाहण्यात तो वापरलाही गेला आहे. मोठ्या कंपन्यांनाही नियम आहेच: बहीण कंपनीला तोच भाव द्यायचा जो परक्याला दिला असता. साखर, सुतळी, कातडं यांचा भाव बाजारात कळतो. पण जगात एकुलतं एक असलेल्या ब्रँडच्या नावाचा भाव कुठल्या मंडईत विचारायचा? तिथेच सगळा खेळ आहे.

लहान दुकानदाराला आणखी एक नियम आहे, आम्ही हिशेबवाले त्याला १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलमावरून ४४एडी म्हणून ओळखतो. सरकार धरून चालतं की तुम्हाला उलाढालीच्या किमान ८ टक्के नफा झाला, ऑनलाइन आलेल्या पैशावर ६ टक्के. त्याहून कमी दाखवायचा तर वह्या ठेवा, ऑडिट करून घ्या. हा नियम सोयीचा आहे, मी स्वतः कित्येकांना तो घ्यायला सांगते. पण चहाच्या गाड्याला नफा झालाच असणार असं धरायचं आणि शेकडो दुकानांच्या साखळीने वर्षानुवर्षं तोटा म्हटलं की तो खरा मानायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

आता कोल्हापुरीच्या नावाकडे येते. २०१९मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागात बनलेल्या चपलेलाच हे नाव लावायचा हक्क: महाराष्ट्राचे चार जिल्हे, कर्नाटकचे चार. मानांकनाच्या कायद्यात एक कलम आहे, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. हे नाव कुणाला विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाण टाकता येत नाही. कंपनीचं नाव एका कागदावर सही करून कमी कराच्या देशात नेऊन ठेवता येतं. कोल्हापुरी हे नाव या आठ जिल्ह्यांतून कुणालाच हलवता येत नाही. जिथे बाभळीची साल कुटली, वेणी वळली, टाका घातला, तिथेच ते राहतं. नफ्यालाही असंच बांधून ठेवता आलं पाहिजे. जगभरचा नफा एकत्र धरावा आणि विक्री, कामगार, मालमत्ता जिथे जितकी आहे त्या मापाने देशोदेशी वाटावा, एकत्र कुटुंबाच्या शेताची वाटणी करतात तशी. जयती घोष आणि जोसेफ स्टिग्लिट्झ हे अर्थतज्ज्ञ सहअध्यक्ष असलेला, कंपन्यांच्या करात सुधारणा सुचवणारा आंतरराष्ट्रीय आयोग हीच मागणी करत आला आहे. २०२१मध्ये १३६ देशांनी ७५ कोटी युरोंहून मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कर मान्य केला, तेव्हा या आयोगाचा आग्रह २५ टक्क्यांचा होता. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने त्या १५ टक्क्यांतूनही अंग काढलं. आपल्याकडे परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर २०१६पासून ६ टक्के आणि ई-कॉमर्सवर २०२०पासून २ टक्के शुल्क होतं. दोनाचं ऑगस्ट २०२४मध्ये गेलं, सहाचं एप्रिल २०२५मध्ये. मला ते पटलं नाही. ज्याच्याकडून घ्यायचं तो ताकदवान निघाला म्हणून आपण हात मागे घेतला असं वाटलं.

कंपन्या रोजगार आणतात, कर वाढवला तर निघून जातील, असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकते, आणि कारखान्याच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. शिरोली-गोकुळ शिरगावची फौंड्री उचलून दुसरीकडे नेता येते. पण कॉफी पिणारं गिऱ्हाईक लंडनमधून उचलून कुठे नेणार?

आप्पा शिरोली नाक्यावर जकात कारकून होते. गाडी थांबली, माल मोजला, पावती फाडली, पैसा महापालिकेत. जकात वाईट होती, ट्रक तासन् तास उभे राहायचे, गेली ते बरंच झालं. पण पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते डोळ्यांना दिसत होतं. कोल्हापूरने शहरातल्या रस्त्यांवरचा टोल का नाकारला ते बाहेरच्यांना अजून नीट कळलेलं नाही. एन. डी. पाटील सरांसारखा ज्येष्ठ नेता म्हातारपणी रस्त्यावर उतरला, २०१४मध्ये नाके पेटले, २०१५च्या अखेरीस टोल गेला. जाळपोळ मला तेव्हाही आवडली नव्हती. पण त्या लढ्याच्या मुळाशी फुकट रस्ता हवा ही मागणी नव्हती. किती खर्च झाला, किती वसूल करणार, हिशेब दाखवा, ही होती.

त्याच नजरेने मी या दुकानालाही एक चांदणी कमी देतेय, पाचांत चार. बिलावर केंद्राचा वाटा आहे, राज्याचा आहे, दुकानाचा आहे. जोड ज्याने शिवला त्याचा मागमूस नाही. लिडकॉमने कोल्हापुरीवर क्यूआर कोड लावून कारागिराची माहिती द्यायला सुरुवात केली आहे. आमच्या जोडावर तो नव्हता. विचारल्यावर धाकटा म्हणाला, माल सुभाषनगरातून येतो, वेण्या घरच्या बायकाच वळतात. जोडामागे त्यांना काय मिळतं, हे विचारल्यावर मात्र तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परवा मी माझ्यासाठी जोड आणायला पुन्हा तिथेच गेले. पैसे देण्याआधी म्हटलं, वेणी कुणी वळली ते लिहून द्या. धाकटा जरा घुटमळला. थोरल्याने गल्ल्यातून पेन काढलं, बिल उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला एका बाईंचं नाव लिहिलं, खाली गल्ली. घरी आल्यावर आप्पांनी चष्मा लावून पुढची बाजू वाचली, आकडे जुळवले, मग कागद उलटा केला आणि ते नाव मोठ्यांदा वाचलं.