ऑटम लीव्हज की ऑल द थिंग्ज यू आर, आधी कुठलं बसवायचं?

जॅझ पियानो नुकताच सुरू केलेला एक मित्र या दोन जॅझ गाण्यांत अडकलाय, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघू.

आधी हार्मनी, म्हणजे कॉर्ड्सचा क्रम. ऑटम लीव्हज जी मायनरमधे घेतलं तर सी मायनर, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर, मग ई फ्लॅट, ए हाफ डिमिनिश्ड, डी सेव्हन आणि जी मायनर, म्हणजे एक मेजर आणि तिची रिलेटिव्ह मायनर (त्याच सुरांची मायनर), बस. ३२ बार (म्हणजे तालाची ३२ छोटी घरं), हात पटकन बसतो. ऑल द थिंग्ज ३६ बारचं आणि ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट, जी, ई असं पाच मेजर स्केल्समधून फिरतं, पाठ करायला भरपूर वेळ जातो. पण ब्रिजचा, म्हणजे मधल्या वेगळ्या भागाचा, शेवट ऐकाच, ई मेजरवर मेलडी जी शार्पला थांबते, म्हणजे ईचा शुद्ध गंधार, आणि खालची कॉर्ड बदलत एफ मायनर आली की तोच सूर न हलता कोमल गंधार होतो! मला तर ही जागा दरवेळी नवीन वाटते.

इतिहास थोडक्यात: पहिलं जोसेफ कोस्माचं १९४५ चं, मुळात फ्रेंच. दुसरं जेरोम कर्नचं १९३९ चं, ते ज्या ब्रॉडवे नाटकातलं ते ५९ प्रयोगांत बंद पडलं, गाणं मात्र टिकलं.

जॅममधे (आयत्या वेळी एकत्र वाजवण्याच्या बैठकीत) लवकर बसायचंय, टू-फाइव्ह-वन (स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड्सचा क्रम) पक्कं करायचंय तर ऑटम लीव्हज, सोबत सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीचं १९५८ चं रेकॉर्डिंग ऐक. ते हातात असेल आणि स्केल बदलताना सोलो अडखळत असेल तर सरळ कर्नकडे जा.