आमची फॅमिली फ्लोटर पॉलिसी: क्लेम पास झाला, तरी पाचपैकी तीनच

एका खासगी आरोग्य विमा कंपनीची पाच लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळून एकच पॉलिसी, आम्ही 2019 पासून भरतोय. मी, बायको आणि दोन मुलं. यंदा श्रावणात बायकोचं पित्ताशयाच्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तेव्हा पहिल्यांदाच मोठा क्लेम केला. पैसे मिळाले, त्याचे तीन तारे. दोन का कापले ते सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडे रिन्यूअलचा मेसेज आला की जो तो हेच विचारतो की हप्ता एवढा वाढला कसा. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, बिलं वाचणं हेच माझं काम.

आधी चांगलं. कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला द्यायची, पहिली मंजुरी तासाभरात आली. नियमही तोच आहे: विमा कंपन्यांचा नियामक असलेल्या आयआरडीएआयने 2024 मध्ये कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायला कंपन्यांना सांगितलंय. डिस्चार्जला मात्र तो पाळला गेला नाही. सकाळच्या राउंडला डॉक्टर "घरी जा" म्हणाले, फायनल बिल दुपारी बाराच्या आत गेलं आणि मंजुरी आली दिवेलागणीला. तोवर बायको कपडे बदलून कॉटवर बसून. तीन तासांपुढच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे, हाही त्याच नियमाचा भाग आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर डेस्कवर ठामपणे सांगा.

आता बिल. काउंटरवर नाव-गावाच्याही आधी पहिला प्रश्न आला, "मालक, पॉलिसी आहे का?" एकूण बिल 94,210 रुपये. कंपनीने 87,870 दिले, हातमोजे-मास्क-गाऊन वगैरेचे 6,340 माझ्या खिशातून गेले. आमच्याच कारखान्यातल्या एका जॉबरच्या (लूमवर देखरेख करणाऱ्याच्या) बायकोचं हेच ऑपरेशन याच हॉस्पिटलात, याच सर्जननी थोडं आधी केलं होतं. जनरल वॉर्ड, रोख, 58,000. दोन्ही बिलं शेजारी ठेवून बसलो. फरक 36,210 चा. आमची खोली 4,000 ची, त्यांचा वॉर्ड 1,500 चा; तीन दिवसांचे 7,500 वजा केले तरी 28,710 उरतात.

ते कुठे गेले ते ओळीओळीने दिसतं. सर्जनची फी वेगळी, भुलेची वेगळी, ओटीचं भाडं वेगळं, कारण हे सगळं खोलीच्या दर्जाला बांधलेलं. सर्वांत बोचली ती डॉक्टरांच्या व्हिजिटची ओळ. डॉक्टर यायचे, पोटावरची पट्टी बघायचे, "जेवलात का?" विचारायचे आणि निघायचे. वॉर्डात याचे 400, आमच्या खोलीत 1,000. पेशंटला दोन्हीकडे मिळतं ते तेवढंच.

आणि कंपनीने काय तपासलं? हातमोजे. पन्नास-शंभराच्या वस्तू एकेक करून कापल्या, पण व्हिजिटचे 1,000 का, हे कुणी विचारलं नाही. मी लेखी विचारलं, तर उत्तर आलं की रक्कम पॉलिसीच्या मर्यादेत आहे. माझ्या मते हप्ता इथेच वाढतो. माझा क्लेम झाला म्हणून माझ्या एकट्याचा हप्ता वाढवता येत नाही, पण सगळ्यांचे मिळून क्लेम फुगले की पुढच्या दरात ते सगळ्यांकडूनच वसूल होतात. ज्यांनी वर्षभर साधी गोळीसुद्धा घेतली नाही, त्यांच्याकडूनही.

आमच्या धंद्यात सुताचा भाव वाढला म्हणून टॉवेलचा दर वाढवायचा तर पार्टीला काउंट, वजन, जुना भाव, नवा भाव सगळं कागदावर दाखवावं लागतं. इथे फक्त मेसेज येतो, नवा आकडा आणि भरायची लिंक. गेल्या वर्षीचा मूळ हप्ता 26,600, त्यावर 18 टक्के जीएसटी 4,788, मिळून 31,388. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, म्हणून मोठी आशा होती. नोव्हेंबरच्या रिन्यूअलला मूळ हप्ताच 29,300 झालेला. सरकारने 4,788 सोडले, घरात आले 2,088. जीएसटी गेल्यावर कंपनीला स्वतःच्या खर्चावरच्या कराची वजावट मिळत नाही हे खरं, आणि मी 46 चा झालो, घरातल्या सगळ्यांत मोठ्याच्या वयावर फ्लोटरचा दर ठरतो, हेही खरं. पण यातलं कशाचे किती, हे विचारूनही सांगितलं नाही.

फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना व्यवस्थापन आणि कमिशनवर हप्त्यांच्या 35 टक्क्यांपर्यंत खर्च करायची मुभा आहे. म्हणजे माझ्या शंभरातले पस्तीस रुपये दवाखान्याच्या दारात पोचण्याआधीच संपू शकतात. हॉस्पिटलवाले म्हणतात, सरकारी योजनांचे दर परवडत नाहीत, कंपन्या पैसे उशिरा देतात. धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडचे पेशंट सोलापुरात येतात, त्यांच्यासाठी मशिनरी आणि स्टाफ सांभाळायला पैसा लागतो हे मला मान्य आहे. पण मग तो दर दारावर लावा. 2021 च्या सुधारित नियमांप्रमाणे महाराष्ट्रातल्या खासगी हॉस्पिटलांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. मी तिथे सनद पाहिली, दरपत्रक दिसलं नाही.

त्यामुळे पहिला दोष मी हॉस्पिटलच्या दोन दरांना देतो, आणि जवळजवळ तेवढाच न तपासता पैसे देणाऱ्या कंपनीला. तिसरा सरकारला. 60 वर्षांवरच्यांचा हप्ता नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवू नका, असं जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांना बजावलं, ते वडिलांच्या पॉलिसीला उपयोगी पडलं. हॉस्पिटलच्या दराला मात्र असा कुणी नियामकच नाही.

पॉलिसी मी सोडलेली नाही आणि तुम्हीही सोडू नका. आमच्या लूमवरचे कितीतरी कामगार ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) रजिस्टरवर नाहीत. त्यांना राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, पण ते योजनेतल्या हॉस्पिटलात आणि यादीतल्या उपचारांसाठीच. ते आधी विचारून घ्या. माझ्यासारख्या पॉलिसीवाल्यांनी ॲडमिट होण्याआधी वॉर्डाचा आणि खोलीचा, रोखीचा आणि कॅशलेसचा असा चारही दरांचा अंदाज लेखी मागावा. कंपनी बदलायची असेल तर पोर्टिंगचा अर्ज रिन्यूअलच्या 45 दिवस आधी द्यावा. मी येत्या वर्षी तो देणार आहे, आणि नव्या कंपनीला पहिला प्रश्न व्हिजिटच्या दराबद्दलच विचारणार आहे.