नॅस २०२१ चं जिल्हा रिपोर्ट कार्ड - पालकांनी बघावं का?

आमच्या डिचोलीत ॲडमिशनच्या दिवसांत एकच प्रश्न, शाळा कुठली चांगली? म्हणून नॅस २०२१ चं (नॅशनल अचिव्हमेंट सर्व्हे, मुलांना किती येतं ते तपासणारा सरकारी सर्व्हे) उत्तर गोवा जिल्ह्याचं रिपोर्ट कार्ड डाउनलोड केलं, फुकट आहे पीडीएफ. ही परीक्षा १२ नोव्हेंबर २०२१ ला देशभर झाली, तिसरी, पाचवी, आठवी, दहावीची, आणि निवडक शाळांतल्या निवडक मुलांचीच.

मला सगळ्यात आवडलं ते हे की नुसती सरासरी देऊन सोडलेलं नाही, मुलाला काय येतं ते एकेक करून लिहिलंय, म्हणजे तिसरीच्या मुलाला घड्याळात किती वाजले ते सांगता येतं का, आणि समोर जिल्हा, राज्य, देश तिन्हींचे टक्के. सरकारी, अनुदानित, खाजगी असंही वेगळं दाखवलंय, गाव-शहरसुद्धा. ताईंनो, ते पान आधी बघा.

पण शाळेचं नाव कुठेच नाही. सर्व्हे जिल्ह्यासाठीच आहे त्यामुळे ते समजू शकते, तरी आमच्यासारख्यांना त्यातून शाळा निवडता येत नाही. आणि आकडे कोविडनं शाळा बंद पडल्यानंतरचे, ते लक्षात ठेवूनच वाचा. पुढचा सर्व्हे ४ डिसेंबर २०२४ ला परख नावानं झाला, तिसरी, सहावी, नववीचा, म्हणजे इयत्ता बदलल्या, तुलना करताना जपून.

मराठी सरकारी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद होताहेत, तिथं पालक-शिक्षक सभेत हा कागद घेऊन जा आणि बाईंना विचारा, आपल्या वर्गाचं काय? पाचपैकी साडेतीन.