फिशर की हाउब्राकेन? कोकणातल्या घरासाठी जुनं मुद्राचित्र निवडताना

अठराव्या शतकातलं एखादं व्यक्तिचित्र घरात असावं, असं वाटणाऱ्याला दोन वाटा आहेत: मेझोटिंट किंवा रेषांचं एनग्रेव्हिंग. दोन्ही तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली. पण रत्नागिरी-मालवणच्या हवेत दोन्ही सारखी टिकत नाहीत.

एडवर्ड फिशर मूळचा आयर्लंडचा, आधी टोप्या करणारा. आज त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण इंग्लिश चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सच्या चित्रांवरून त्याने केलेली मेझोटिंट्स जरूर पाहावीत. मेझोटिंटमध्ये आधी दातेरी हत्याराने सगळा पत्रा खरबरीत करतात. तसाच छापला तर काळाकुट्ट उमटेल. मग उजेड हवा तिथे तो खरवडून गुळगुळीत करायचा. म्हणजे चित्र काळोखातून वर येतं. कादंबरीकार लॉरेन्स स्टर्नच्या १७६१ सालच्या व्यक्तिचित्रात काळ्या झग्याला मखमलीची खोली आहे आणि त्यातून बोट टेकवलेलं कपाळ उजळतं. फिशर नको तिथेही बारकावे भरतो, असा रेनॉल्ड्सचा आक्षेप सांगतात. मला तर तीच त्याची मेहनत आवडते.

अडचण अशी, की पत्र्यावरचे ते खरबरे कंगोरे लवकर झिजतात. उशिराच्या प्रतीत काळा रंग राखाडी, सपाट दिसतो. हनुवटीखालची सावली आधी बघा. तिथे खोली नसेल तर स्वस्तातही घेऊ नका. शिवाय पृष्ठभाग नाजूक: नुसतं घासलं तरी पांढुरका ओरखडा पडतो, आणि बुरशीचा थर काळ्यावर लगेच दिसतो.

नेदरलँड्समधल्या डोर्ड्रेख्टच्या याकोबुस हाउब्राकेनचं (१६९८–१७८०) काम रेषांचं. पत्र्यात खोल कोरलेल्या रेषा जास्त प्रती सोसतात, त्यामुळे चांगली प्रत मिळायची शक्यता अधिक. चेहरे नेमके, पण थोडे थंड. दमटपणाने कागदावर तपकिरी ठिपके पडतात खरे, तरी रेषा शाबूत राहतात.

कुणाचंही घेतलंत तरी भिंग न्याच. एकसारख्या ठिपक्यांच्या ओळी दिसल्या तर ती अलीकडची छपाई.

बारमाही भिंतीवर लावायचं असेल तर हाउब्राकेन घ्या. जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीवर मात्र तोही नको, ती पावसात ओल धरते. आगोटीला चित्र उतरवून आम्लरहित कागदात, कोरड्या कपाटात ठेवायची तयारी असेल तर फिशरच घ्या. दोन उशिराच्या प्रतींचे पैसे एका चांगल्या प्रतीवर घाला.