शनिवारची रात्र: थिएटर आणि खानावळ, की पार्सल आणि घरचा पडदा?

नागपुरात शनिवारी संध्याकाळी सिनेमा आणि सावजी, म्हणजे इथलं झणझणीत मसाल्याचं जेवण, दोन्ही हवं असेल तर दोनच रस्ते आहेत. थिएटरात सिनेमा पाहून खानावळीत बसायचं, नाहीतर रस्सा पार्सल आणून घरच्या टीव्हीवर सिनेमा लावायचा. अनेकजण हा निर्णय सिनेमाच्या नावावरून घेतात. खरं तर तो ताटात काय हवं यावरून घ्यायला हवा. दोन महिने उशिरा पाहिला तरी सिनेमा तोच राहतो. सावजी फ्राय मात्र अर्ध्या तासात वेगळाच पदार्थ होतो.

आधी घड्याळ. पोस्टरवरचे मिनिट म्हणजे तुमची संध्याकाळ नव्हे. त्यात जाहिराती आणि ट्रेलरचे पंधरा मिनिटं आणि मध्यांतराचे पंधरा मिनिटं मिळवा. 'छावा' 161 मिनिटांचा होता. असा सिनेमा सव्वासहाच्या खेळाला धरला तर साडेनऊला बाहेर पडता, दहाला पानावर बसता. चालतं. पण 'धुरंधर' 214 मिनिटांचा. तोच सव्वासहाचा खेळ घेतला तर सुटायला दहा वाजून वीस मिनिटं होतात. गाडी काढून महालात किंवा गोळीबार चौकात पोहोचेपर्यंत पावणेअकरा. तोवर खूर (पाया), सुंदरी (बकऱ्याची आतडी), भेजा संपलेलं असतं, भाकरीवाली बाई तवा उतरवून गेलेली असते आणि पुढ्यात येतो तळाचा, आटून खारट झालेला रस्सा. तीन तासांहून मोठा सिनेमा असेल तर चार-साडेचारचा खेळ धरा, नाहीतर त्या दिवशी सावजीचा नाद सोडा.

"मग आधी जेवून सिनेमाला जाऊ" हा सल्ला देणाऱ्याने बहुधा सावजी खाल्लेलं नसतं. या मसाल्याचं तिखट दोन टप्प्यांत येतं. मिरचीचं लगेच, बाकी मसाल्याचं मागाहून. त्यावर पाणी प्यायलं जातं, पाण्याने तिखट हटत नाही, म्हणून आणखी पाणी. मिरचीतला जहाल भाग पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात आणि दुधात विरघळतो. परिणामी मध्यांतराच्या आधीच रांगेतल्या पाच जणांचे गुडघे ओलांडून बाहेर जावं लागतं. बोटांचा वास दोन-तीन वेळा धुऊनही जात नाही, तो शेजारच्याला सिनेमाभर येतो तो वेगळाच. थिएटर ठरलं असेल तर सिनेमा आधी, जेवण नंतर. या क्रमाला पर्याय नाही.

वाराचाही हिशेब आहे. आपल्याकडे मटण-मासे खाण्याचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. शनिवार मारुतीचा, त्यामुळे मल्टिप्लेक्स भरलेलं असलं तरी खानावळीत त्यामानाने लवकर जागा मिळते. रविवारी दोन्हीकडे गर्दी. श्रावणात उलट, खानावळी ओस असतात, पण काही जण तेव्हा मटण कमी आणतात किंवा दुकानच बंद ठेवतात. आधी फोन करून विचारा.

थिएटर कोणतं घ्यायचं हे पडद्याच्या आकारापेक्षा नंतर कुठे जेवायचं यावर ठरवणं सोयीचं. गांधीसागराजवळचा एम्प्रेस मॉल महालाला सगळ्यात जवळ. हा मॉल उभा आहे ती जागा 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीची. आणि सावजी म्हणजे विणकर हलबा कोष्ट्यांचं खाणं, तेव्हा कापडाच्या जागेवर सिनेमा पाहून विणकरांच्या वस्तीत जेवायला जाणं बरोबरच जमतं. मेडिकल चौकातल्या व्हीआर मॉलमधून सक्करदरा, नंदनवन सोपं. सीताबर्डीत इटर्निटी किंवा पंचशील घेतलं तर चारचाकी तिथेच राहू द्या आणि ऑटोने जा. इतवारी-महालच्या गल्ल्यांत रात्री गाडी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात तुमचं टेबल दुसऱ्याला मिळतं. मेट्रोचा भरवसा जाताना धरा, परतताना नको. शेवटच्या गाड्या दहाच्या सुमाराला निघतात.

आता मुख्य मुद्दा, ताटाचा. खानावळीत बसण्याचे फायदे तीन, आणि तिन्ही पार्सलमध्ये हरवतात.

पहिला, फ्राय. मटण फ्राय किंवा कलेजी फ्राय म्हणजे शिजलेले तुकडे मोठ्या आचेवर मसाल्यात कोरडे परतलेले. पातेल्यातून थेट ताटात आलं तर बाहेरून मसाला खरपूस, आत तुकडा मऊ. डब्यात बंद केलं की स्वतःच्याच वाफेने ते ओलं होतं, मसाला सुटून तळाशी बसतो आणि घरी पुन्हा गरम केल्यावर कलेजी रबरासारखी होते. पार्सलमध्ये फ्राय मागवू नका, पैसे वाया.

दुसरा, भाकरी. तव्यावरून उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीला दहा मिनिटं मिळतात. फॉइलमध्ये गुंडाळली की आतली वाफ तिला आधी चिवट करते, निवल्यावर ती कडक होते. पीठ घरी असेल तर भाकरी घरीच थापा, नाहीतर पोळी आणा, पोळी हा प्रवास सोसते. लंबी रोटी, म्हणजे उलट्या मडक्यावर भाजलेले मांडे, आणायचेच असतील तर सुती कापडात घट्ट गुंडाळून. तासाभरात संपवा, त्यानंतर कडा कुरकुरतात.

तिसरा, वरून मिळणारा रस्सा. बऱ्याच खानावळींत वाटी संपली की वाढपी पुन्हा रस्सा ओततो, काही ठिकाणी त्याचे पैसे लागत नाहीत, काही ठिकाणी मोजतात. बसण्याआधी विचारा. एका प्लेटीत साधारण चार-पाच तुकडे असतात, पण खाणारा भात कालवतो तो रश्श्यात. पार्सलमध्ये प्लेटमागे एक बेताची वाटी मिळते, म्हणून तिघांसाठी दोन प्लेट मटण आणि एक-दोन जादा रस्सा असा हिशेब ठेवा. तीन प्लेट मटण आणून रस्सा अपुरा पडणं ही पार्सलवाल्यांची नेहमीची चूक.

पण पार्सलच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. रश्श्याचे पदार्थ, म्हणजे मटण रस्सा, खूर, अंडाकरी, डाळकांदा, तासाभराने बिघडत नाहीत. खूर तर मुरल्यावर जास्त चांगला लागतो. फक्त गरम करायची रीत पाळायला हवी. सावजी रश्श्याला दाटपणा येतो तो भाजलेलं खोबरं, खसखस आणि डाळीच्या किंवा ज्वारीच्या पिठामुळे. हे जिन्नस उभ्या-उभ्या पाणी पितात, म्हणून घरी येईपर्यंत रस्सा घट्ट होतो आणि तर्री, म्हणजे मसाल्याचं तिखट तेल, वर तरंगते. तो तसाच गॅसवर ठेवला तर तळ लागतो आणि खसखस कडवट होते. अर्धा लिटर रश्श्याला पाव वाटी कढत पाणी घाला, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, मधूनमधून तळापासून ढवळत, आणि शेवटी एक खळखळून उकळी. गार पाणी घातलं तर तर्री फुटून रस्सा गढूळ दिसतो. मायक्रोवेव्हमध्ये कडा उसळतात, मधला भाग कोमट राहतो आणि हाडाजवळचं मटण गारच राहतं.

पातळ पिशवीत कढत तेलाचा रस्सा घेऊ नका. घरून स्टीलचा डबा न्या, झाकणाला रबर असलेला, आणि तो तीन-चतुर्थांशच भरायला सांगा. प्लास्टिकच्या डब्याला तर्रीचा रंग कायमचा बसतो. चुकून लागलाच तर आधी कागदाने तेल टिपून घ्या, मग साबण. उलट केलं तर डाग पसरतो.

पाटवडी रस्सा आणताना पाटवड्या वेगळ्या आणि रस्सा वेगळा, हे दोनदा सांगावं लागतं. बेसनाची वडी रश्श्यात अर्धा तास राहिली की कडा सुटतात आणि घरी पोहोचतो तो पिठल्याचा भाऊ. शेवभाजीतही शेव वेगळीच हवी.

घरी बसण्याचा आणखी एक फायदा म्हणजे तिखट किती ठेवायचं ते आपल्या हातात असतं. खानावळीत "कमी तिखट द्या" म्हणून उपयोग नाही, मसाला सकाळीच वाटून रश्श्यात गेलेला असतो. घरी तुम्ही रस्सा दहा मिनिटं निवू देऊन वरची तर्री पळीने काढून ठेवू शकता. बरचसं तिखट त्या तेलात असतं. सगळी काढू नका, चमचाभर राहू द्या, कारण मसाल्याचा वासही त्याच तेलात आहे. लहान मुलं किंवा पुण्या-मुंबईचे पाहुणे असतील तर एवढ्या एका कारणासाठी पार्सल निवडावं. जोडीला ताक किंवा दही, लिंबू, कांदा. थंड पेय नको, त्यातल्या गॅसने जिभेची आग वाढल्यासारखी वाटते.

घरात कोणी कडक शाकाहारी असेल तर मात्र दोन्ही रस्ते तपासून घ्या. मटण शिजवणाऱ्या खानावळीत डाळकांद्याची पळी वेगळी असेलच असं नाही. शुद्ध शाकाहारी सावजी देणारी ठिकाणं शहरात आहेत, त्यांचं पार्सल वेगळं आणा आणि घरी डावही वेगळे ठेवा.

आता सिनेमाकडे. कोणता सिनेमा घरी चालतो? संवादावर आणि बोलीवर उभा असलेला. 'झुंड' घ्या, 2022 चा, नागपुरातच चित्रित झालेला. त्यातल्या पोरांची नागपुरी हिंदी, तो "बे", थिएटरच्या गडगडाटात अर्धा निसटतो. घरी मागे नेऊन पुन्हा ऐकता येतो, आणि आपला चौक दिसला की थांबवून वाद घालता येतो. लांबीला तो चांगलाच मोठा आहे, मध्ये जेवायला उठण्याची सोय घरीच. टीव्हीवर मारामारीचा आवाज कानठळ्या बसवणारा आणि संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील, तर आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा किंवा रात्रीचा पर्याय असतो, तो चालू करा. बऱ्याच घरांत तो कधी उघडलेलाच नसतो.

गर्दीचा सिनेमा थिएटरातच. 'छावा'चा अर्धा परिणाम शेजारच्या अनोळखी माणसाच्या घोषणेत होता, तो बैठकीत मिळत नाही. अंधारातले प्रसंग जास्त असतील तरीही थिएटर. 'दशावतार', कोकणातल्या दशावतारी कलावंताची गोष्ट, रात्रीच्या जंगलामुळे मोठ्या पडद्याची. घरी ट्यूबलाइट चालू ठेवून ताटाकडे बघत तो पाहिला तर काळ्या पडद्यावर आवाज तेवढा ऐकू येतो. मराठी सिनेमाची आणखी एक अडचण: खेळ मोजके आणि दुसऱ्या आठवड्यात वेळा गैरसोयीच्या, दुपारी बाराच्या वगैरे. पाहायचाच असेल तर पहिल्याच शनिवारी. हिंदीसाठी थांबायची तयारी असेल तर साधारण आठ आठवड्यांत तो घरी येतो, मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या तेवढं अंतर मागतात.

खर्चात घर जिंकतं, त्यात वाद नाही. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर 18 टक्के, आणि शनिवार संध्याकाळचं मल्टिप्लेक्सचं तिकीट शंभरात बसणं कठीण. एकपडद्याच्या थिएटरात किंवा सकाळच्या खेळाला कधी बसतं. बाहेरचं खाणं आत नेऊ न देण्याचा अधिकार थिएटरवाल्यांना आहे, 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलं, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं. पॉपकॉर्नचा मोठा डबा घेऊ नका. पैशाचा प्रश्न नाही, त्यावर सावजीची भूक मरते.

तर ठरवायचं कसं? फ्राय, भेजा, सुंदरी खायचं असेल किंवा पाहुण्याला पहिल्यांदाच सावजी दाखवायचं असेल तर खानावळ, आणि तिच्या वेळेत बसेल असा पावणेतीन तासांच्या आतला सिनेमा. रस्सा-भात, अंडाकरी, खूर एवढ्यावर भागत असेल, घरात लहान-म्हातारी असतील, तर पार्सल. माझं मत विचाराल तर महिन्यातून एकदा खानावळ आणि बाकी शनिवारी डबा, पण सिनेमा तीन तासांपुढचा असला की दोन्ही एका रात्रीत कोंबू नये.

पार्सलच्या रात्रीचं वेळापत्रक असं: साडेसातला डबा आणा, म्हणजे गर्दी वाढायच्या आत तुमची वाटी वरच्या ताज्या रश्श्यातून भरली जाते. पावणेआठला सिनेमा लावा, मध्यांतराच्या वीस मिनिटं आधी रस्सा गॅसवर, तोवर भात. जेवताना सिनेमा थांबवा, सबटायटल वाचत हाड सोडवता येत नाही. एरवी रस्सा दोन तास बाहेर चालतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना तासाभरात गरम करून खा किंवा फ्रिजमध्ये टाका. उरलेला रस्सा एकदाच गरम करायचा, दुसऱ्यांदा नाही. त्यातले तुकडे काढून घेतले की रविवारी सकाळच्या पोह्यांवर ओतायला हा रस्सा नेहमीच्या चण्याच्या रश्श्याहून जड पडतो, म्हणून निम्मं गरम पाणी घाला आणि वर कच्चा कांदा, सांबार (कोथिंबीर), लिंबू.