फॉल्ट इंजेक्शन सर्व्हिस: मांडणी आणि उपयोग

एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड विभागाची) 2021 मध्ये आलेली ही सेवा ईसी2 या क्लाउडवर भाड्याने मिळणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ठरवून बिघाड घडवते, जेणेकरून खरे संकट येण्यापूर्वीच आपली यंत्रणा किती तग धरते ते कळावे. मशीन नुसते बंद करून पाहायचे असेल तर आयएएम रोल (प्रयोगाला लागणाऱ्या परवानग्यांचा संच), प्रयोगाचे टेम्पलेट (काय बिघडवायचे याचा आराखडा) आणि टॅगवरून, म्हणजे मशीनला लावलेल्या लेबलवरून, केलेली मशीनची निवड एवढे पुरते, शिवाय ठरावीक वेळेनंतर ते आपोआप पुन्हा सुरूही करता येते. खरी मेहनत आहे ती सीपीयूवर ताण आणणे किंवा नेटवर्कमध्ये विलंब निर्माण करणे अशा आतल्या बिघाडांसाठी, कारण तिथे मशीनवर एसएसएम एजंट (एडब्ल्यूएसच्या सिस्टिम्स मॅनेजर या सेवेकडून आलेल्या आज्ञा मशीनमध्ये चालवणारा प्रोग्राम) चालू असावा लागतो आणि प्रयोगाच्या रोलखेरीज मशीनलाही सिस्टिम्स मॅनेजरची वेगळी परवानगी द्यावी लागते, जे नवख्याच्या चटकन ध्यानात येत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती थांबण्याची अट: क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या देखरेख सेवेचा अलार्म सुरू होताच प्रयोग थांबवला जातो. ही अट ऐच्छिक ठेवली आहे. माझ्या मते ती सक्तीचीच हवी होती. पहिल्या प्रयोगात एकूण मशीनच्या टक्केवारीऐवजी एकच मशीन निवडावे.